दोन थडींमधली चार मिनिटे

डॉ. रत्ना भंगाळे यांनी मालिकेचे पहिले सहा भाग पाहून संपवले, तेव्हा त्यांच्या वहीत एकोणीस चुका नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांपैकी एकही किरकोळ नव्हती. पाठीवर तबकड्या असलेला खापऱ्या आणि कपाळावर एकच शिंग असलेली कराळी एका नदीवर पाणी प्यायला येत होते. प्रत्यक्षात त्या दोन जातींमध्ये सुमारे आठ कोटी वर्षांचे अंतर आहे. कराळी आणि भुसावळचे रेल्वे स्थानक यांच्यातले अंतर त्याहून कमी भरते. उंचाबाई नावाची लांब मानेची मादी चौथ्या भागात केळीची पाने खात होती. लागवडीची केळी पृथ्वीवर यायला तेव्हा साडेसहा कोटी वर्षे अवकाश होता. ही चूक क्रमांक सात. आणि सगळेच प्राणी बोलत होते, तेही अस्सल अहिराणीत. या गोष्टीला क्रमांक द्यावा की मथळा करावा, हे रत्नाबाईंनी अजून ठरवले नव्हते.

मालिकेचे नाव ‘दोन थडीचे डायनासोर’. ती धुळ्यातल्या एका छोट्या संस्थेत तयार होई आणि मुलांच्या एका वाहिनीवर दर रविवारी सकाळी लागे. गोष्ट साधी होती. एक नदी, तिच्या अलीकडच्या थडीवर उंचाबाईचा शाकाहारी कळप, पलीकडच्या थडीवर कराळी आणि तिची दात काढून हिंडणारी टोळी. मध्ये पाण्यात उतरायला एकच उतार. तो कोणाचा, यावरून सव्वीस भाग झाले होते. प्रत्येक भागात एकदा दोन्ही पक्ष समोरासमोर काठावर उभे राहत आणि सुमारे चार मिनिटे एकमेकांना टोमणे मारीत.

या चार मिनिटांचाच प्रश्न होता. काही शहरांतल्या पालकांनी वाहिनीकडे तक्रार केली होती की मुले शाळेत एकमेकांना असेच टोमणे मारतात. मालिका शैक्षणिक गटात मोडत असल्यामुळे वाहिनीने तज्ज्ञाचे मत मागवले. पत्रावर कार्यक्रम अधिकारी योगेंद्र यांची सही होती आणि प्रश्न नेमका होता: ‘कथेतील शाब्दिक चकमकी प्राण्यांच्या ज्ञात वर्तनाशी सुसंगत आहेत काय? नसल्यास त्या वगळाव्यात काय?’ वगळल्या, तर दुसऱ्या सत्रात त्या जागी लढाईची दृश्ये येणार होती आणि आवाज मुंबईच्या कलाकारांचे.

जळगावच्या महाविद्यालयात बत्तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवून रत्नाबाई वर्षभरापूर्वी निवृत्त झाल्या होत्या. सातभाई पक्ष्यांच्या थव्यांमधील सीमातंटे हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. सुंदर म्हणून त्यांनी आयुष्यात कोणत्याही प्राण्याकडे पाहिले नव्हते. ‘चोच उघडण्याची वारंवारिता’ अशा नजरेने पाहिले होते आणि त्यात त्यांना पुरेसा आनंद मिळाला होता. योगेंद्रांचा प्रश्न त्यांना सोपा वाटला. प्राणी बोलत नाहीत. अहवालाचा मसुदा त्यांनी सहाव्या भागानंतरच लिहून टाकला. शेवटची ओळ होती, ‘सबब सदर संवाद वगळणे इष्ट.’

पहिला अडथळा घरातच आला. भावाची नात भाविका, वय आठ, सातवा भाग लागताच शेजारी येऊन बसली.

“आजी, तू पण बघतेस?”

“मी तपासते आहे.”

“मग शू! आता टोमणे आहेत.”

पडद्यावर कराळी पुढे आली. चेहऱ्यावर उग्रपणापेक्षा कंटाळाच जास्त, खालचा ओठ जरा लोंबता. रत्नाबाईंना इच्छा नसताना मान्य करावे लागले की हा चेहरा काढणाऱ्याने एखाद्या जिवंत, म्हाताऱ्या, स्वतःच्या ताकदीची खात्री असलेल्या प्राण्याला पुष्कळ वेळ न्याहाळलेले आहे.

“ओ व उंचाबाई,” कराळी खणखणीत आवाजात म्हणाली, “तुनी मान एवढी लांब, पानी पोटम्हा जावाले दिवस लागस, तवलोंग तुले परत तीस लागी जास!”

भाविका खिदळली. उंचाबाईने मान खाली घेतली, घाई न करता.

“आन तुना हात शेतस का कैरीना देठ? नाकवरनी माशी हाकलाले बी पुरतस नही!”

रत्नाबाईंची लेखणी थांबली. कराळीच्या कुळातल्या प्राण्यांचे हात खरोखरच हास्यास्पद आखूड असत. टोमणा शरीररचनेच्या दृष्टीने निर्दोष होता. त्यांनी चुकांच्या यादीसमोरच्या कोऱ्या पानावर ‘बरोबर’ असा मथळा लिहिला आणि खाली ही पहिली नोंद केली.

टोमणे संपले, कराळीची टोळी पाण्यात उतरली आणि झोंबाझोंबी सुरू झाली, तशी भाविका उठली.

“कुठे निघालीस?”

“पाणी प्यायला. मारामारी बोअर असते गं, आजी. ती सगळ्याच कार्टूनमध्ये असते.”

आठ वर्षांच्या एका प्रेक्षकाचे मत हा पुरावा नव्हे. पण ‘सदर संवाद वगळणे इष्ट’ लिहिण्यापूर्वी मालिका तयार होते कशी, हे पाहायला हरकत नव्हती. पुढच्या मंगळवारी सकाळची बस धरून रत्नाबाई धुळ्याला गेल्या.

संस्था म्हणजे बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या. दारात दिपमाला उभी होती. मालिकेची कर्ती हीच. वय पस्तिशीचे, केस घाईने बांधलेले. तिने चहा मागवला आणि चहा येण्याआधीच मुद्द्यावर आली.

“मॅडम, खरं सांगते. ती चार मिनिटं गेली, तर दुसरं सत्र आम्ही करणार नाही. वाहिनी दुसऱ्याला देईल. देऊ दे. चित्रं माझी आहेत, पण मालिका त्या चार मिनिटांची आहे.”

“मी भावनांवर अभिप्राय देत नाही,” रत्नाबाई म्हणाल्या.

“माहीत आहे. तुमचे विद्यार्थी आहेत धुळ्यात. त्यांनी आधीच घाबरवून ठेवलंय.”

आतल्या खोलीत तेजस नावाचा तरुण संगणकावर कराळीचा एक पाय पुढे सरकवत होता. एकच पाय, केसाएवढा, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. रत्नाबाई मागे उभ्या राहिल्या.

“ही चाल कशावरून घेतली?”

“इमूवरून, मॅडम. दोंडाईच्याजवळ माझ्या मामांकडे आहेत चार. इमू पाळायची लाट आली होती ना तेव्हाचे. लाट गेली, हे राहिले. मामा म्हणतात, यांचं काय करायचं ते मला कोणी शिकवलंच नाही.”

“चूक,” रत्नाबाई समाधानाने म्हणाल्या. “पक्ष्याला जड शेपटी नसते. त्याची मांडी जवळजवळ आडवी राहते आणि तो गुडघ्यातून चालतो. तुमच्या कराळीला चार मीटरची शेपटी आहे. ती कमरेतून चालायला हवी.”

“कमरेतूनच चालते.”

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मांडी खरेच कमरेतून मागे जात होती.

“मलाही पहिल्यांदा ते खटकलं,” तेजस म्हणाला. “चाल बरोबर, पण मागचं ओझं पटेना. मग ठिबकची जाड नळी घेतली, ओली वाळू भरली आणि एका इमूला मागे बांधली. पहिल्या दिवशी त्याने मला लाथ घातली. दुसऱ्या दिवशी तो असा चालायला लागला. ते चित्रित करून घेतलं.”

रत्नाबाईंना एक शोधनिबंध आठवला. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या संशोधकांनी कोंबडीच्या पिल्लांना कृत्रिम शेपट्या लावून हाच प्रयोग केला होता आणि हाच निष्कर्ष काढला होता.

“तो शोधनिबंध तुम्ही वाचला होता?”

“कोणता?”

एक इमू आणि दोन दिवस, एवढ्यावर निष्कर्ष उभा राहत नाही, हे त्यांनी तेजसला तिथल्या तिथे सांगितले. मग ‘बरोबर’ मथळ्याखाली पाच ओळी लिहिल्या. चुकांच्या यादीतल्या कोणत्याही नोंदीला त्यांनी एवढी जागा दिली नव्हती.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीला भिंतभर जुन्या गोधड्या लावल्या होत्या. दोन्ही टोकांना एकेक माइक आणि मध्ये जमिनीवर निळ्या चिकटपट्टीच्या दोन समांतर रेघा, साधारण दहा फुटांच्या अंतरावर. एका टोकाला कुंदाबाई बसल्या होत्या, दिपमालाची मावशी. उंच, सडपातळ, साठी ओलांडलेल्या. याच कराळी. दुसऱ्या टोकाला उंचाबाईचा आवाज देणाऱ्या पुष्पाबाई, वयाने तेवढ्याच आणि घेराने दुप्पट.

“या ताई, बसा,” कुंदाबाई म्हणाल्या. “जळगावथून उनात का? बठ्ठा भाग देख्यात का तुम्ही?”

“अजून नाही. सात पाहिले.”

“मंग मी कशी दिखस? चांगली का वाईट?”

“तुम्ही खलनायिका आहात,” रत्नाबाई म्हणाल्या. “पण एक सांगते. मांस खाणे हा दुर्गुण नाही, आहार आहे. मुलांच्या मालिकांत मांसाहारी प्राणी दुष्ट ठरवले जातात, त्याला माझा आक्षेप असतो. तुमच्या मालिकेत तसे नाही, हे मी नोंदवले आहे. कराळी दुष्ट आहे ती उतार एकटीला हवा म्हणून.”

कुंदाबाईंनी हे गंभीरपणे ऐकून घेतले. “वाईट शे ती,” त्या म्हणाल्या. “पन लबाड नही.”

“हां, तू तं शे लबाड,” पलीकडून पुष्पाबाई म्हणाल्या. “चहानी बशी मनी शे. ठेव आठे.”

दिपमालाने दार लावले. रत्नाबाईंनी संहितेची प्रत मागितली.

“संहिता नाही.”

“म्हणजे?”

“या दोघींच्या माहेरची गावं तापीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी गौराई घेऊन नदीवर जात. नदी तेव्हा आटलेली असते. दोन्ही थडींवर दोन गावच्या बायका उभ्या राहून एकमेकींना शिव्या देत. गाण्यात, नावानिशी, दुपारभर. मावशी तिच्या गावाकडून पुढे असायची आणि पुष्पामावशी तिच्या. लग्नं झाली, दोघी चाळीस वर्षं भेटल्या नाहीत. मग धुळ्यात भाजीच्या गाडीवर एकमेकींना आवाजावरून ओळखलं. चेहऱ्यावरून नव्हे हां, आवाजावरून. मी तिथे होते. गाडीवाल्याने भाजी तोलायची सोडली.”

“आणि संहिता?”

“मी फक्त सांगते, आज कोण कशासाठी आलंय. पुढचं त्या करतात. ज्या भागात जी हरेल, त्यावरून मी पुढची गोष्ट लिहिते. चित्रं नंतर. नवव्या भागात मावशी जिंकली. मला उंचाबाईचा कळप दोन दिवस तहानलेला ठेवावा लागला. मुलांची पत्रं आली, पाणी पाजा म्हणून.”

त्या दिवशी वाहिनीसाठी एक नमुना मुद्रित व्हायचा होता. दोघी उठल्या आणि आपापल्या निळ्या रेघेमागे उभ्या राहिल्या. रत्नाबाईंनी पाहिले की उभे राहताना दोघींनी आधी पाय रोवले, मग खांदे मागे घेतले आणि मग नजर दिली. आता त्या वयस्क बायका राहिल्या नव्हत्या.

“तुना पाय का खांब शेतस व?” कुंदाबाईंनी सुरुवात केली. “उचलाना आगोदर इचारनं पडस, आज कोनता उचलू!”

“तुनं डोकं मोठं, पन आत काय शे? वारा शे वारा! वर सिंग शे म्हनीसन उडी जात नही!”

पहिल्या चार फैरी आखूड होत्या. नंतर वाक्ये लांबू लागली. एका श्वासात एक टोमणा, मग दीड, मग दोन. अडखळणे नाही, मध्ये दम घेणे नाही. समोरची जेवढे लांबवी, त्याहून थोडे जास्त. चेहरे तांबडे झाले. नवव्या फैरीत कुंदाबाईंचा आवाज वाक्याच्या शेवटाला किंचित पातळ झाला, इतका किंचित की दिपमालाच्या लक्षात आला नाही. पुष्पाबाईंच्या मात्र आला. त्यांनी पुढचा टोमणा सावकाश, जवळजवळ मायेने टाकला. कुंदाबाईंनी उत्तर दिले नाही. नाक फेंदारले, एकदा उजवीकडे पाहिले, एकदा डावीकडे आणि पाठ फिरवली.

“झालं,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “आज उतार तुना.”

“लढाई?” रत्नाबाईंनी विचारले.

“कशी लढाई? हारनू ना मी.”

“पण कराळीला दात आहेत. उंचाबाईला नाहीत.”

पुष्पाबाई हसल्या. “ताई, नदीवर हात लावाना नही. जी पहिले दगड उचलस, ती हारस.”

“आणि पाण्यात कधी उतरायचे, हे कसे ठरते?”

“दम देखाना,” कुंदाबाई म्हणाल्या. “जिना दम मोठा, तिनासंगे पानीम्हा उतरानं नही. मार खावाले कोन जाई?”

“आणि दोघींचा दम सारखा निघाला, तर?”

“मंग झिंज्या!” दोघी एकदम म्हणाल्या आणि पुष्पाबाईंनी पदर बाजूला करून भुवईवरची एक जुनी, पांढरी खूण दाखवली. कुंदाबाईंनी तिच्याकडे समाधानाने पाहिले.

परतीच्या बसमध्ये पारोळा मागे पडले, एरंडोल आले, तरी रत्नाबाईंनी वही उघडली नव्हती. त्यांना स्वतःचा राग आला होता. ज्या बाईने ऐन उमेदीची सहा वर्षे बांधावर बसून सातभाईंचे दोन थवे कसे समोरासमोर ओरडतात आणि ओरडण्यावरूनच कसा एक थवा माघार घेतो, हे मोजण्यात घालवली, तिने सात भाग पाहिले आणि तिला काहीही दिसले नाही. काही हरणांचे नर तासन्‌तास डुरकतात. ज्याला दम कमी, तो निघून जातो, कारण दमाचे सोंग आणता येत नाही. दोघे तुल्यबळ असले, तरच शिंगांना शिंगे भिडतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला हे त्या दरवर्षी शिकवीत. पडद्यावरच्या आवाजात शब्द होते, एवढ्यावरून त्यांनी त्याला बडबड समजून चूक म्हणून टाकले होते.

अर्थात साम्य वाटणे आणि साम्य असणे वेगळे. त्यांनी पुढचे चार दिवस सगळे सव्वीस भाग पहिल्यापासून पाहिले, हातात थांबघड्याळ घेऊन. प्रत्येक चकमकीत किती फैरी झाल्या, एका श्वासात किती शब्द गेले, कोणाचा आवाज आधी पातळ झाला आणि शेवटी काय घडले, याचा तक्ता केला. भाविका शेजारी बसून फैरी मोजायला मदत करी. तिच्या मोजणीत कराळीला नेहमी एक फैर जास्त मिळे, म्हणून तिचे आकडे रत्नाबाईंनी विचारात घेतले नाहीत.

तक्ता पुरा झाला, तेव्हा त्या बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या. दमात फरक मोठा, तिथे चकमक आखूड आणि माघार. फरक थोडा, तिथे चकमक लांब. फरक जवळजवळ नाही, तिथे लढाई. सव्वीसपैकी चोवीस भाग या नियमात बसत होते. एखाद्या विद्यार्थ्याने इतका स्वच्छ तक्ता आणला असता, तर त्यांनी त्याला मूळ नोंदी दाखवायला सांगितले असते.

दोन भाग बसत नव्हते, अकरावा आणि अठरावा. तिथे कराळी उघड हरत होती, तिचा आवाज तिसऱ्याच फैरीला तुटत होता आणि तरीही ती झेप घेत होती. रत्नाबाईंनी दिपमालाला फोन लावला.

“अकरा आणि अठरा. तिथे काय झाले?”

दिपमाला हळूच म्हणाली, “तुम्हाला कसं कळलं?”

“मला काहीही कळलेले नाही. म्हणून विचारते आहे.”

“ते दोन आमचे नाहीत, मॅडम. दोन्ही वेळा मावशीकडे लग्नकार्य होतं, ती पंधरा-पंधरा दिवस गावी होती. वाहिनीने एक लेखक दिला. त्याने संवाद आणि लढाई दोन्ही लिहून पाठवलं. मावशीने नंतर येऊन नुसतं वाचलं. वाचताना म्हणाली, ‘ही मी नही. ही येडी शे.’”

रत्नाबाईंनी फोन ठेवला आणि आयुष्यात प्रथमच एका लिहून झालेल्या मसुद्याची शेवटची ओळ खोडली.

नवा अहवाल पाच पानांचा झाला. पहिल्या तीन पानांवर चुका होत्या. त्या आता एकेचाळीस झाल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर दुरुस्ती होती. चौथ्या पानावर तक्ता आणि त्याखाली अभिप्राय: ‘डायनासोर एकमेकांना आवाजाने कसे आव्हान देत, याविषयी आपल्याला फारच थोडे ठाऊक आहे. आज जिवंत असलेल्या अनेक प्राण्यांत लढाईपूर्वी बलप्रदर्शन होते आणि बहुतेक तंटे तिथेच मिटतात. सदर मालिकेत हे वर्तन जितक्या अचूकपणे दिसते, तितके मी मुलांसाठीच्या दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमात पाहिलेले नाही. हे संवाद वगळून त्या जागी लढाई घातल्यास मालिकेची शास्त्रीय अचूकता कमी होईल.’ पाचव्या पानावर मर्यादा होत्या: निरीक्षक एकच, नमुना दोन स्त्रियांचा, दोघींचा परस्परांशी जुना परिचय.

तिसऱ्या दिवशी योगेंद्रांचा फोन आला. आवाज तरुण आणि घाईत होता.

“मॅडम, अहवाल छान आहे. पण वर मला एक ओळ द्यायची आहे. संवाद ठेवायचे का? हो की नाही?”

“हो.”

“मग अडचण अशी आहे, की सुरुवातीलाच एकेचाळीस चुका आहेत. ते वाचून आमची समिती म्हणेल, एवढ्या चुका असलेली मालिका शैक्षणिक कशी? तुम्ही ती तीन पानं काढली, तर मी आजच मंजुरी घेतो. मालिका वाचेल.”

दिपमालाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. निळ्या रेघेमागे पाय रोवून उभ्या असलेल्या कुंदाबाई आल्या. तीन पाने फाडणे सोपे होते, आणि कोणाला कळलेही नसते.

“चुका मालिकेतून काढा,” त्या म्हणाल्या. “अहवालातून काढू नका. पहिली तीन पाने खोटी ठरवली, तर चौथे कोणी खरे का मानावे?”

“मॅडम, समितीने नकार दिला, तर?”

“तर ती चुकेल. त्या चुकीलाही मी क्रमांक देईन.”

योगेंद्र हसले नाहीत. “आणि पालकांना काय सांगू? मुलं टोमणे मारतात, हे तर खरं आहे.”

“त्यांना विचारा, टोमण्यांनंतर मारामाऱ्या वाढल्या की कमी झाल्या. कोणी मोजल्या का?”

“नाही.”

“मग मीही त्याविषयी काही लिहिलेले नाही. पाहिजे तर मोजायची पद्धत कळवते.”

समितीने सोळा दिवस घेतले. या सोळा दिवसांत रत्नाबाईंनी दिपमालाला एकदाही फोन केला नाही. निकालाआधी संबंधितांशी बोलणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. मात्र रोज सकाळी टपाल येण्याच्या सुमारास त्या गॅलरीत उभ्या राहू लागल्या. पत्र संस्थेकडे जाणार होते, त्यांच्याकडे नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

सतराव्या दिवशी, जेवण होऊन त्या नुकत्याच बसल्या होत्या तेव्हा फोन वाजला. मागे गोधड्यांच्या खोलीतला तो दबलेला, प्रतिध्वनी नसलेला आवाज होता.

“मॅडम, पत्र आलंय. फोन स्पीकरवर आहे, दोघी इथेच आहेत. वाचते. ‘तज्ज्ञ अभिप्रायातील एकेचाळीस दुरुस्त्या करण्याच्या अटीवर दुसऱ्या सत्रास मंजुरी देण्यात येत आहे. संघर्षपूर्व संवाद मूळ स्वरूपात व मूळ आवाजांत कायम ठेवावेत.’”

“म्हंजे काय?” कुंदाबाईंचा आवाज आला.

“म्हणजे मावशी, तुमचं भांडण कायम राहिलं.” दिपमालाचा आवाज शेवटी फाटला आणि तिने तो खोकल्यात लपवला.

“म्हंजे तू आते आखो सव्वीस दाव हारशी,” पुष्पाबाई म्हणाल्या.

“मी हारसू? तुना दम तं जिना चढता चढता सरी जास! परवा तुले तिसऱ्या पायरीवर बसाडनं पडनं!”

“मी बसनू व्हती तुनी वाट देखत! तू तं पहिल्याच पायरीवर देवनं नाव ली ऱ्हायंती!”

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी उठले होते, बहुधा दोघीही.

“मॅडम, ठेवते फोन,” दिपमाला म्हणाली. “या काही आता थांबत नाहीत. तुमचा वेळ जाईल.”

“ठेवू नका,” डॉ. रत्ना भंगाळे म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कानाला लावून, पाय वर घेऊन नीट बसल्या. “कोण हरते ते कळू द्या.”